लाकूड दिसते, ते उचलणारे हात दिसत नाहीत

पर्यावरणावरच्या ॲनिमेशन व्हिडिओंत झाड बोलते, मोडकी खुर्ची रडते, पृथ्वी डोळे मिचकावते. बोलत नाही तो कचरा उचलणारा माणूस. गेल्या काही महिन्यांपासून आम्ही पूर्व नागपुरातील काही कार्यकर्ते लाकडाच्या कचऱ्याच्या पुनर्वापरावर तीन मिनिटांचा ॲनिमेशन व्हिडिओ तयार करण्याच्या कामात एका संस्थेसोबत आहोत. पैसा एका कंपनीच्या सीएसआर निधीतून येतो. या कामावरून आमच्याच चळवळीतल्या साथींनी आम्हाला दोन टोकांचे प्रश्न विचारले. काही म्हणाले, अत्याचाराचे खटले पडून आहेत, पोरांच्या शिष्यवृत्त्या रखडल्या आहेत, आणि तुम्ही भुशावर कार्टून काढत बसलात? काही म्हणाले, पैसा मिळतो आहे तर व्हिडिओ करा, अटी कशाला घालता?

दोन्ही प्रश्नांना जाहीर उत्तर देणे गरजेचे वाटते, कारण अशी बोलावणी आज ना उद्या तुमच्याही वस्तीत येणार आहेत. आमची भूमिका अशी: अशा कामात आपण गेलेच पाहिजे, मात्र लेखक म्हणून गेले पाहिजे. वस्तीची माहिती गोळा करून देणारा, फोटोसाठी बाया जमवून देणारा कार्यकर्ता म्हणून जायचे असेल तर घरी बसलेले बरे.

लाकडाचा कचरा आपला प्रश्न कसा?

नागपूरच्या लकडगंजचे नावच लाकडावरून पडलेले. आरामशिनी, वखारी, प्लायवूडची दुकाने, फर्निचरचे कारखाने. संध्याकाळी मशीन थांबते तेव्हा मागे उरतो भुसा, रंध्याच्या ढलप्या, सालपटे, प्लायच्या पट्ट्या, फुटकी खोकी. यातले काय विकले जाते, काय फुकट नेता येते आणि काय शेवटी भांडेवाडीच्या डम्पिंग यार्डकडे जाते, हे त्या भागात कचरा वेचणाऱ्या बाया कोणत्याही पर्यावरण अधिकाऱ्यापेक्षा नेमके सांगतात.

लाकडाचा पुनर्वापर कोणत्याही कंपनीने शोधलेला नाही. भुसा बर्फाच्या कारखान्यात लाद्या झाकायला जायचा, कोंबड्यांच्या शेडमध्ये अंथरला जायचा. आणि आपल्या वस्त्यांत भुशाची शेगडी होती. पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली उभी करायची, भोवती भुसा ठासून भरायचा, बाटली अलगद ओढून घ्यायची, आणि खालच्या भोकातून पेटवायचे. तासन्‌तास मंद आंच मिळायची. आपल्या आज्यांनी त्यावर डाळ शिजवली. तेव्हा त्याला कोणी पुनर्वापर म्हटले नाही, गरिबी म्हटले. तेच काम यंत्राने केले, भुसा दाबून त्याच्या कांड्या केल्या, की त्याला हरित उद्योग म्हणतात. यंत्राला आमचा विरोध नाही. ब्रिकेटमागचे शास्त्र चांगलेच आहे: भुशातला ओलावा दहा टक्क्यांच्या आसपास आणला आणि त्यावर उष्णता व प्रचंड दाब दिला की लाकडातलेच लिग्निन मऊ होऊन भुशाला धरून ठेवते, वेगळा डिंक लागत नाही. पण ज्ञानाची सुरुवात यंत्रापासून झाली असे चित्र काढायला आमचा विरोध आहे.

दुसरे असे की, आजचे लाकूड आपल्या आज्यांच्या काळातले राहिलेले नाही. आता कचऱ्यात येते ते बहुतेक प्लायवूड, एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड. स्वस्त बोर्डात लाकडाचा चुरा यूरिया-फॉर्मल्डिहाइडच्या गोंदाने चिकटवलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला १९९५ साली आणि फॉर्मल्डिहाइडला २००४ साली, माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकले. लाकडाची धूळ नाकाच्या आणि सायनसच्या कर्करोगाशी जोडलेली आहे. ही धूळ कोणाच्या नाकात जाते? आरामशिनीवर झाडलोट करणाऱ्याच्या, पोती भरणाऱ्याच्या, पॉलिश पेपर घासणाऱ्या पोराच्या.

आणि हे लाकूड जळते कुठे? भंगारातले लाकूड स्वस्त पडते म्हणून बेकऱ्यांच्या भट्ट्यांत जळते, हिवाळ्यात रस्त्याकडेच्या शेकोटीत जळते, आणि गॅस सिलिंडर परवडेनासा झाला की वस्तीतल्या चुलीत जळते. मुंबई उच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०२५ रोजी लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितले. शहराच्या हवेसाठी हा आदेश योग्यच आहे. परंतु चुलीसाठी कोणते न्यायालय? तिथल्या बाईला प्लायची पट्टी आणि साधे लाकूड यांतला फरक कोण सांगणार? लाकडावरचा व्हिडिओ हा आपला प्रश्न होतो तो इथे. हा आपल्या माणसांच्या फुप्फुसांचा प्रश्न आहे.

एकच लाकूड, दोन नावे

समाजशास्त्र शिकताना श्रमविभागणीचे सिद्धांत वाचायला मिळतात. बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिप्रथेचे उच्चाटन’ या भाषणात त्यापुढे जाऊन दाखवले की, जात केवळ कामे वाटत नाही. ती कामे करणारी माणसेच वेगवेगळ्या कप्प्यांत बंद करते आणि ते कप्पे एकावर एक रचते. लाकूड हे त्याचे रोजचे उदाहरण आहे. फळी सुताराच्या हातात असते तेव्हा ती कारागिरी असते. त्याच फळीचा उरलेला तुकडा वेचणाऱ्या बाईच्या पोत्यात गेला की तो कचरा होतो, आणि बाईदेखील कचरेवाली होते.

सरकारी योजनांतही हाच कप्पा दिसतो. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत आणि सुतारकाम त्यात आहे. सुतार बांधवांना अवजारे आणि कर्ज मिळावे याबद्दल आमचे काहीच म्हणणे नाही. तेही कष्टकरी आहेत, बहुजन आहेत. पण लाकूड निवडणे, खिळे काढणे, प्रतवारी करणे हे कौशल्याचे काम या १८ व्यवसायांत नाही. कौशल्याची यादी लिहिणाऱ्याला ते कौशल्य वाटलेच नाही.

कायद्याने मात्र काही दारे उघडली आहेत. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घेण्याची आणि कचरा हाताळणाऱ्यांना हातमोजे, बूट, मास्क देण्याची तरतूद केली गेली. त्याच वर्षीच्या बांधकाम कचऱ्याच्या नियमांत लाकूड वेगळे काढायला सांगितले. पुण्यात त्याच्या कितीतरी आधी, १९९३ साली, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. बहुसंख्य दलित समाजातल्या स्त्रियांच्या या संघटनेने महानगरपालिकेकडून ओळखपत्र मिळवले आणि पुढे स्वतःची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था काढली. संघटना असेल तर कागदावरचा नियम जमिनीवर येतो, एवढा धडा त्यातून घ्यायला हरकत नाही.

पहिली पटकथा

आता व्हिडिओकडे येऊ. संस्थेने पाठवलेल्या पहिल्या पटकथेत एका उच्चभ्रू सोसायटीतला मुलगा होता. त्याच्या आजोबांची खुर्ची मोडते, ती रडते, मुलाला झाडाचे स्वप्न पडते, आणि सकाळी तो खुर्चीपासून पक्ष्यांचे घरटे बनवतो. मधल्या चार सेकंदांत पाठीवर पोते घेतलेली एक काळी आकृती जाते. तिला चेहरा नव्हता. शेवटी सर्वांना आवाहन: लाकूड वाचवा, झाड वाचवा.

आम्ही संस्थेला साधे प्रश्न विचारले. मुलाला नाव आहे, खुर्चीला डोळे आहेत, मग पोतेवाल्या बाईला चेहरा का नाही? पोते काळे आहे म्हणून ती काळी, की ती काळी म्हणून तिच्याकडे पोते? आणि हा व्हिडिओ बघून लकडगंजमधल्या एकाही कामगाराला काय उपयोग?

उत्तर मिळाले की, ॲनिमेशनमध्ये वेळ कमी असतो. वेळ खरोखर कमी असतो, हे आम्हालाही कळते. पूर्ण ॲनिमेशनला सेकंदाला २४ चौकटी धरल्या तर तीन मिनिटांना ४,३२० चौकटी लागतात आणि त्यातली प्रत्येक कोणीतरी ठरवलेली असते. कॅमेऱ्यात चुकून कोणी येऊ शकते. ॲनिमेशनमध्ये चुकून कोणी येत नाही आणि चुकून कोणी सुटतही नाही. काढायचे ठरवले तेच दिसते. म्हणून या माध्यमात वगळणे हा अपघात आहे असे म्हणता येत नाही.

आम्ही पर्यायी पटकथा लिहायला घेतली तेव्हा वस्तीतल्या एका मावशीसोबत बसलो. त्या लाकूड वेचतात आणि निवडतात. त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितले, “भाऊ, रंगाचं लाकूड चुलीत टाकलं का डोये झोंबते अन् पोराले खोकला लागते. आमी ते येगळं ठेवतो.” बोर्डाचा तुकडा त्या हातात घेऊन, कड बघून, वास घेऊन ओळखतात. हेच वाक्य आता व्हिडिओच्या सुरुवातीला आहे, त्यांच्या बोलीत, आणि त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करायचे ठरले आहे. “भाषा थोडी शुद्ध करून घेऊ” असा निरोप आला होता. आम्ही तो मान्य केला नाही. वऱ्हाडी-नागपुरीत शिकणारे लेकरू ते वाक्य कान देऊन ऐकेल, आणि पुण्या-मुंबईच्या लेकरालाही ते कळेल.

व्हिडिओने काय शिकवावे?

झाड वाचवा हे सगळ्यांना माहीत आहे. माहीत नाही ते हे की, सगळे लाकूड सारखे नसते. आमच्या पटकथेत चार ढीग आहेत.

पहिला ढीग साध्या, न रंगवलेल्या लाकडाचा. याचे खिळे काढून पुन्हा फर्निचर होते, तुकडे उरले तर भुसा, ब्रिकेट, अळिंबीच्या शेतीचे माध्यम होते. शेवटचा पर्याय म्हणून हेच लाकूड चुलीत चालते, तेही कोरडे आणि हवेशीर जागी.

दुसरा ढीग गोंदाच्या लाकडाचा: प्लाय, एमडीएफ, पार्टिकल बोर्ड. हे घरात जाळायचे नाही. मोठे तुकडे कापून पुन्हा वापरायचे. कापताना तोंड-नाक नीट झाकायचे आणि धूळ झाडूने उडवण्याऐवजी पाणी शिंपडून गोळा करायची.

तिसरा ढीग रंगाच्या आणि औषध मारलेल्या लाकडाचा. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली; त्याआधीच्या दारा-खिडक्यांच्या रंगात शिसे असू शकते. वाळवी लागू नये म्हणून काही लाकडांना तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिकचे क्षार पाजलेले असतात. अशा लाकडाला बऱ्याचदा हिरवट झाक असते आणि त्याची राखही विषारी असते. त्या राखेने भांडी घासली तर काय होईल, याचा विचार करा.

चौथा ढीग मालाच्या पॅलेटचा, जे बुटीबोरीसारख्या औद्योगिक वसाहतींतून भंगारात येतात. परदेशी मालासोबत फिरणाऱ्या पॅलेटवर गव्हाच्या लोंबीचे चिन्ह आणि इंग्रजी अक्षरांचा शिक्का असतो. ‘एचटी’ म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला किमान ३० मिनिटे तापवलेले. त्यावर दुसरे काही सांडलेले नसेल तर ते फर्निचरला चांगले. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेले. ते जाळायचे नाही, आणि घरातल्या वस्तूंसाठीही घ्यायचे नाही. हा दोन अक्षरांचा शिक्का वाचायला शिकवणे हे आमच्या मते तीन मिनिटांतले सर्वांत मोलाचे काम आहे. ज्या समाजाला अक्षरापासून हजारो वर्षे दूर ठेवले त्या समाजातल्या बाईने पॅलेटवरची अक्षरे वाचून विष ओळखावे, यापेक्षा चांगला शेवट आम्हाला सुचला नाही.

कार्टून काढायचे दिवस आहेत का?

पहिल्या आक्षेपाकडे येतो. ॲनिमेशन म्हणजे पोरखेळ ही समजूत चुकीची आहे. आपल्या देशात या माध्यमाची सुरुवातच लाकडाच्या काड्यांपासून झाली असे म्हणता येईल: दादासाहेब फाळके यांनी १९१५ च्या सुमारास ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटात काड्या हलवून चित्रे केली. पुढे फिल्म्स डिव्हिजनने मुंबईत कार्टून विभाग काढला आणि १९५७ साली ‘द बनियन डिअर’ हा ॲनिमेशनपट तयार झाला. त्याची कथा बौद्ध जातकातली, गाभण हरिणीच्या जागी स्वतः पुढे होणाऱ्या मृगराजाची. नागपूरच्या धम्मदीक्षेला तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. १९७४ च्या ‘एक अनेक और एकता’ने तर कित्येक पिढ्यांच्या डोक्यात राष्ट्रीय एकतेचे चित्र काही मिनिटांत कायमचे बसवले. ज्याच्या हाती हे माध्यम असते तो लहान मुलाला जग कसे आहे ते सांगतो. आणि आपली मुले आज पुस्तकाच्या आधी मोबाईलवरचे कार्टून बघतात.

आपली चळवळ माध्यमांबाबत कधीच सोवळी नव्हती. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ काढला. जलसाकारांनी तमाशाचा बाज घेऊन त्यात नवा विचार भरला. गायकांनी कॅसेटमधून भीमगीते घरोघरी नेली. मग ॲनिमेशन का नाही? अत्याचाराचा खटला लढणे आणि व्हिडिओ करणे यांत निवड करायला आपल्याला कोणी सांगितले? आमच्यातलेच एक वकील साथी सकाळी न्यायालयात असतात आणि रात्री पटकथेच्या बैठकीला येतात.

अटी का घालायच्या?

दुसरा आक्षेप, पैसा घ्या आणि गप्प बसा. या म्हणण्यामागे उपकाराची भावना आहे. ती काढून टाकली पाहिजे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. हे दान नव्हे, कायद्याचे बंधन आहे. त्या खर्चातून काम करणाऱ्याने हात जोडून उभे राहण्याचे कारण नाही.

कॉपीराइट कायदा १९५७ हाही आपल्या पोरांनी वाचावा असा कायदा आहे. पैसे देऊन बनवून घेतलेल्या चित्रफितीची मालकी सामान्यतः पैसे देणाऱ्याकडे जाते. पण तुम्ही कोणाचे पगारी नोकर नसताना लिहिलेल्या पटकथेचे पहिले मालक तुम्ही असता. ती सोपवायची तर लेखी करार लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. आणि हक्क सोपवल्यानंतरही, आपण लेखक आहोत हे सांगण्याचा अधिकार कलम ५७ खाली तुमच्याकडे राहतो. म्हणजे ‘क्षेत्रीय सहकार्य’ अशा गोल शब्दात तुमचे नाव बुडवता येत नाही, जर तुम्ही ते बुडू दिले नाही तर.

आम्ही चार अटी ठेवल्या आहेत, त्या तुम्हीही वापरा. पटकथेत आमचे नाव लेखक म्हणून येईल. ज्यांचे ज्ञान आणि आवाज वापरला त्या प्रत्येकाला मानधन मिळेल, आणि ते चहा-नाश्त्याचे नसेल, व्यावसायिक आवाज देणाऱ्या कलाकाराइतके असेल. चित्रांचा कच्चा आराखडा वस्तीत दाखवल्याशिवाय पक्का होणार नाही. आणि तयार व्हिडिओ कोणतेही शुल्क न घेता आपल्या अभ्यासिकांत, विहारांत, शाळांत दाखवण्याची परवानगी लेखी मिळेल. पहिली, दुसरी आणि चौथी अट मान्य झाली आहे. तिसरीवर अजून बोलणी सुरू आहेत. ती मान्य झाली नाही तर पटकथा आम्ही परत घेऊ, हे आम्ही कळवले आहे.

“यात जात कुठून आली?”

हा प्रश्न बैठकीत आलाच. पर्यावरण सगळ्यांचे असते, त्यात जात आणू नका. आम्ही म्हणतो, जात आम्ही आणलेली नाही. ती पोत्यात आधीपासून आहे. शहरातला कचरा कोण करतो आणि कोण उचलतो, धूर कोणाच्या कारखान्यातून निघतो आणि कोणाच्या घरात शिरतो, या वाटणीला नाव आहे. ते नाव घेतले की चर्चेत कटुता येते अशी तक्रार असेल तर ती वाटणी करणाऱ्यांकडे करावी.

तथागतांनी दुःख आहे असे सांगून थांबले नाहीत. दुःखाला कारण आहे आणि ते कारण दूर करता येते हेही सांगितले. कार्टूनमधली रडणारी खुर्ची दुःख दाखवते आणि कारण लपवते. चेहरा असलेली, नाव असलेली, शिक्का वाचणारी बाई कारणही दाखवते आणि उपायही.

साथींनो, तुमच्यापैकी अनेकजण चित्रे काढता, मोबाईलवर एडिटिंग करता, रॅप लिहिता. कोणी बोलवायची वाट पाहू नका. तुमच्या गावातल्या आरामशिनीवर, टिंबर मार्केटमध्ये, भंगाराच्या दुकानात जा. तिथे काम करणाऱ्यांसोबत बसा, कोणते लाकूड कुठे जाते ते लिहून घ्या, त्यांना काय दाखवायचे आहे ते विचारा. कोणी संस्था आलीच तर तिच्यासमोर कोरा कागद घेऊन जाऊ नका. आपली पटकथा घेऊन जा.

जयभीम!